कुडी आणि भिंग

माणूस एखादी वस्तु घेतो तेव्हां ती कशासाठीं हवी हें आधीं ठरवितो आणि मग बाजारांत जातो, असा एक भाबडा समज आहे. माझा अनुभव नेमका उलट आहे. वस्तु आधीं मनांत भरते. कारण मागाहून शोधावें लागतें, आणि तें शोधीत असतांना आपण किती निःस्वार्थी आहों याची आपल्यालाच प्रथम ओळख पटते. गेल्या उन्हाळ्यांत मला एक भिंग हवेंसें झालें. कॅमेऱ्याचें भिंग, ८५ मिलिमीटर नाभीय अंतराचें आणि एफ १.४ छिद्राचें. एका स्नेह्याच्या हातांत मीं तें पाहिलें. त्याची पुढची कांच आमटीच्या वाटीएवढी होती आणि तींत आकाश, गुलमोहर व माझें आशाळभूत तोंड अशीं तिन्ही एकदम दिसत होतीं. त्या दिवशीं घरीं पोंचेपर्यंत मला कारण सांपडलें होतें. आईचें एक चांगलें छायाचित्र काढायचें होतें.

हें कारण खोटें नव्हतें. म्हणूनच तें पुढें करून मला पुष्कळ दिवस स्वतःला फसवितां आलें.

आमचें घर दिघीला आहे. पुण्याहून आळंदीला जाणाऱ्या रस्त्यावरचें हें गांव. एका अंगाला लष्कराच्या हद्दी, दुसऱ्या अंगाला भोसरीचे कारखाने, आणि वर दत्तगडाची टेकडी. १९९७ सालीं दिघी पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत गेली आणि तिचें गांवपण इमारतींच्या मागें मागें सरकत गेलें. वडील खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत नोकरीला होते. बाराहि महिने ते सायकलीवरून जात आणि सायकलीवरूनच येत. अकरा वर्षांपूर्वीं ते गेले, आणि तेराव्याच्या आदल्या दिवशीं आमच्या ध्यानांत आलें कीं, घरांत त्यांचा एकट्याचा असा एकहि फोटो नाहीं. लग्नकार्याच्या चित्रांत ते होते, पण कोठें मागल्या रांगेंत, कोठें कुणाच्या फेट्याआड, तर कोठें पंगतींत वाढतांना पाठमोरे. शेवटीं त्यांच्या ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो घेऊन आम्ही एका छायाचित्रकाराकडे गेलों. त्यानें तो मोठा करून दिला. मोठा करतांना जो तपशील मुळांत नव्हता तो त्यानें पदरचा घातला: अंगांत काळा कोट आणि गळ्याला तांबडा टाय. वडिलांनीं जन्मांत कधीं टाय बांधला नव्हता. चौकट घरांत आली तेव्हां आईनें ती क्षणभर न्याहाळली आणि विचारलें, “हे कोण साहेब?” मग तिनेंच पुढें होऊन हार घातला.

तो साहेब अजून आमच्या भिंतीवर आहे. त्याच्याकडे पाहतांना मला दर वेळीं वाटे कीं, आईची तरी अशी फसगत होऊं द्यायची नाहीं. आई आतां अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिच्या चौकटीची जागा भिंतीवर कोणती, हा विचार मनांत येई आणि मी तो झटकून टाकीं. पण झटकलेला विचार जातो कोठें? तो भिंगाच्या जाहिरातींत जाऊन बसला.

वाचकांपैकीं ज्यांना या विषयाची बाधा झालेली नसेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करतों. ज्या भिंगाचें नाभीय अंतर एकच असतें, म्हणजे जें जागच्या जागीं राहून दृश्य जवळ आणीत नाहीं किंवा दूर नेत नाहीं, त्याला प्राइम म्हणतात. त्याच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासानें भागलें कीं एफचा आंकडा मिळतो. ८५ मिलिमीटर आणि १.४ म्हणजे छिद्र साठ मिलिमीटरांहून थोडें मोठें. आंकडा जितका लहान तितकें छिद्र मोठें आणि आंत येणारा उजेड अधिक. अशा भिंगाला ‘वेगवान’ म्हणण्याची रीत आहे. भिंग जागचें हालत नाहीं; पण उजेड मुबलक आल्यामुळें पडदा क्षणार्धांत मिटून घेतां येतो, म्हणून तो वेग. नेहमींचें स्वस्त बहुअंतरी भिंग ५.६ वर उघडतें तेथें १.८ चें भिंग जवळजवळ दसपट उजेड आंत घेतें. एकाला जें चित्र घेण्यास सेकंदाचा दहावा भाग लागतो तेंच दुसरें शंभराव्या भागांत घेतें.

पण हल्लीं उजेडासाठीं हें भिंग घेणारे थोडेच. त्याचा खरा मोह दुसऱ्याच गुणांत आहे. छिद्र जितकें मोठें तितकी स्पष्टतेची खोली उथळ. ज्या डोळ्यावर नेम धरला तो पापणीच्या केंसासकट लख्ख; त्याच्या मागचें सारें जग विरघळून लोण्यासारखें मऊ. या अंधुकपणाला जपानी शब्दावरून ‘बोके’ म्हणतात. मराठी कानाला तो शब्द ऐकून मांजरें आठवतात, पण त्यावर चर्चा करणारी मंडळी अत्यंत गंभीर असतात. अमक्या भिंगाचा अंधुकपणा मलईसारखा, तमक्याचा कांठाशीं कडक, असे वाद दोन गवयांच्या घराण्यांवरून व्हावेत तसे रंगतात. मीहि त्यांत तज्ज्ञ झालों.

गंमत अशी कीं, आमच्या पणजोबांच्या काळीं हाच गुण अवगुण होता. दागेरची चित्र धरण्याची रीति १८३९ सालीं पॅरिसमध्यें जाहीर झाली तेव्हां भिंगें इतकीं मंद होतीं कीं, भर उन्हांत माणसाला कांहीं मिनिटें पुतळ्यासारखें बसावें लागे. पुढल्याच वर्षीं व्हिएन्नाच्या जोसेफ पेट्झवाल या गणिताच्या प्राध्यापकानें केवळ माणसांच्या चित्रांसाठीं एक भिंग आंखलें. त्याचा आंकडा सुमारें ३.६, पूर्वीच्या भिंगांपेक्षां उजेड पंधरापट किंवा त्याहूनहि अधिक. फोइग्टलेंडर यांच्या कारखान्यानें तें घडविलें. त्याच्या आंकडेमोडीसाठीं ऑस्ट्रियाच्या तोफखान्यांतील गणितांत तरबेज शिपाई पेट्झवालच्या दिमतीला दिले होते. तोफेचा गोळा कोठें पडेल हें सांगणाऱ्या लोकांनीं उजेडाचा किरण कोठें पडेल हें सांगितलें. दिघीसारख्या लष्कराच्या शेजारीं राहणाऱ्या माणसाला ही हकीकत विशेष गोड वाटते. माझे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यांत जात, आणि माणसाचा चेहरा धरून ठेवणारें पहिलें वेगवान भिंग तोफखान्याच्या गणितांतून निघालें. या दोन गोष्टींचा संबंध कांहीं नाहीं, पण मला तो जोडावासा वाटतो.

त्या भिंगांत चित्राचा मध्य स्वच्छ येई आणि कडा अंधुक होत. तेव्हां लोकांनीं तें सोसलें. आतां त्याच अंधुक, भोंवऱ्यासारख्या फिरणाऱ्या कडांसाठीं तसल्या घडणीचीं भिंगें मुद्दाम पुन्हां काढतात. मुंबईला १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी त्या काळीं छायाचित्रें घेत. हरिश्चंद्र चिंतामण यांनीं मुंबईंत चित्रशाळाच थाटली होती. त्या पिढीचीं आणि नंतरच्या दोन-तीन पिढ्यांचीं चित्रें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. पाठीमागें रंगविलेला पडदा. त्यावर कमान, तलाव, कधीं वेलींनीं वेढलेला खांब. शेजारीं तिवईवर फुलदाणी. चित्रांतला गृहस्थ आयुष्यांत असल्या कमानीखालून गेलेला नसे. तरी मागें कांहीं तरी असलें पाहिजे, माणूस कशाच्या तरी पुढें बसला पाहिजे, एवढें त्यांना कळत होतें. त्यांनीं खोटें कां होईना, पण जग मांडलें. आम्ही खरें जग समोर असतांना तें पुसण्यासाठीं पैसे मोजतों.

हा विचार मला तेव्हां सुचला नव्हता. तेव्हां मी वजनें आणि किंमती पाठ करीत होतों. आरसा काढून टाकलेले कॅमेरे, ज्यांना मिररलेस म्हणतात, ते आल्यापासून या भिंगांना सुगीचे दिवस आले आहेत. जुन्या कॅमेऱ्यांत मध्यें आरसा फिरावा लागे, म्हणून भिंगाच्या बैठकीपासून फिल्म किंवा संवेदक चव्वेचाळीस-शेचाळीस मिलिमीटर दूर असे. आतां तें अंतर सोळा ते वीस मिलिमीटरांवर आलें आहे, आणि भिंगें आंखणारांना हात-पाय पसरायला जागा मिळाली आहे. शिवाय हा नवा कॅमेरा माणसाचा डोळा स्वतः हुडकून काढतो आणि तो हालला तरी सोडीत नाहीं. पूर्वीं १.४ वर नेम धरणें ही साधना होती. आतां ती यंत्राकडे गेली. तेव्हां मोठ्या छिद्राचा धाक उरला नाहीं, उरला फक्त मोह. या मोहाचें वजनहि असतें. सोनीचें ८५ मिलिमीटर १.८ चें भिंग ३७१ ग्रॅमांचें आहे, त्यांचेंच १.४ चें पहिलें जी-मास्टर ८२० ग्रॅमांचें. कॅननचें १.२ चें भिंग जवळजवळ बाराशें ग्रॅम भरतें. १.८ वरून १.४ वर गेलें तर उजेड दीडपटीहून थोडा अधिक मिळतो. वजन दुपटीहून अधिक होतें, आणि किंमत त्याच्याहि पुढें पळते. ज्याच्या कॅमेऱ्याचा संवेदक लहान त्याला ५६ मिलिमीटरचें भिंगच ८५ सारखें दृश्य दाखवितें आणि तें हलकेंहि असतें. हें सर्व ज्ञान मजजवळ होतें. ज्ञानानें मोह जातो असें शास्त्रांत म्हटलें आहे; माझा वाढला.

अखेर स्नेह्यालाच माझी कींव आली. ज्येष्ठांत पालखीच्या वेळीं त्यानें तें भिंग दोन दिवसांसाठीं माझ्या हवालीं केलें.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचें प्रस्थान होतें आणि दुसऱ्या दिवशीं ती पुण्याकडे निघते ती आमच्या दिघीवरून. त्या दिवशीं पहाटेपासून रस्ता रस्ता राहत नाहीं. टाळ, मृदंग, पताका, ओल्या धोतरांचा वास, चहाच्या पातेल्यांतून उठणारी वाफ आणि दोन्ही कडांना उभे राहिलेले आमच्यासारखे हौशी लोक, प्रत्येकाच्या डोळ्याला एकेक नळकांडें. मीं त्या सकाळीं शेंकडों चित्रें घेतलीं. त्यांत एक उत्तम साधलें. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एक म्हातारी. कपाळीं बुक्का, सुरकुत्यांत पावसाचे थेंब, आणि दृष्टि कोठें तरी फार पुढें लागलेली. तिच्या मागचें सारें हिरव्या-भगव्या धुक्यांत विरघळून गेलें होतें. मित्रांना दाखविलें, प्रत्येकानें वाहवा केली. भिंगाचा आंकडा विचारला.

संध्याकाळीं आईला दाखविलें. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “ही एकटीच कुठं निघालीय रे?”

मी म्हटलें, “एकटी नाही गं, वारीत आहे.”

“मग वारी कुठाय?”

मीं बोटानें तो भगवा धूर दाखविला. पताका त्या होत्या, असें सांगितलें. आईनें मान हालविली आणि माझें मन राखण्यासाठीं “छान आलाय,” म्हणाली. तिला भिंगांतलें कांहीं कळत नाहीं, असें म्हणून मीं समाधान करून घेतलें. पण रात्रीं तो प्रश्न पुन्हां पुन्हां आठवूं लागला. त्या म्हातारीच्या चेहऱ्यावर जें तेज मला दिसलें तें तिच्या एकटीचें नव्हतें. पुढें दिंडी, मागें दिंडी, अशा त्या माणसांच्या ओघांत ती चालत होती म्हणून तें होतें. मीं ओघ पुसला आणि थेंब ठेवला.

दुसऱ्या दिवशीं आईची पाळी आली. ती सहजासहजीं तयार होईना. “भिंतीवरचा काढतोस होय?” असें तिनें मला सरळ विचारलें. असल्या प्रश्नाला उत्तर नसतें. मी “छे, छे!” असें कांहीं तरी पुटपुटलों, आणि ती हंसली. मग तिनें ठेवणींतलें लुगडें काढलें, केंस सारखे केले आणि डबींतून कुड्या काढून कानांत घातल्या. सात सात मोत्यांच्या या कुड्या वडिलांनीं पहिल्या बोनसांतून पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर घेतल्या होत्या. एरवीं ती त्या सणावारींच घालते.

सज्जांत तिला खुर्चीवर बसविलें. दीड मीटरावर मी. छिद्र १.४ वर, कारण तें तसें उघडायचें नसेल तर असलें भिंग आणायचें तरी कशाला? तिनें मान किंचित् वळविली होती. कॅमेऱ्यानें जवळचा डोळा अचूक हेरला. चित्र कॅमेऱ्याच्या पाठीवर उमटलें तेव्हां माझ्या तोंडून उद्गार निघाला. त्या डोळ्यांत सज्जाचा कठडा दिसत होता, आकाश दिसत होतें. मोतिबिंदु काढल्यानंतर बुबुळांत जी एक वेगळी चमक येते तीसुद्धां दिसत होती. मीं मोठ्या उत्साहानें तिला दाखविलें. तिनें चष्मा पुसून घातला आणि पाहिलें.

“माझा कान कुठं गेला?”

मीं पाहिलें. कान होता, म्हणजे कानाच्या जागीं गव्हाळ रंगाचा एक मऊ डाग होता. आणि त्यांत, साखर विरघळावी तशा विरघळलेल्या, कुड्या.

“कुडी दिसत नाही,” ती म्हणाली. तिनें तक्रार केली नाहीं. नुसतें सांगितलें, आणि आंत जाऊन कुड्या काढून डबींत ठेवल्या.

आमच्या भाषेंत कुडी म्हणजे कानांतला दागिना आणि कुडी म्हणजे देहहि. त्या दिवशीं माझ्या हातून दोन्ही निसटल्या होत्या. मला ज्या चित्राची भीति वाटत होती तें काय होतें? ओळखपत्रावरचा तो फोटो वाईट कां? तर त्यांत वडील नव्हते. त्यांची सायकल, त्यांची मळकी टोपी, त्यांचें कांहींच नव्हतें. छायाचित्रकारानें रिकामी जागा कोटानें भरली. मीं भरलेली जागा रिकामी केली. दोघांच्याहि हातून माणूस त्याच्या खुणांपासून सुटा झाला. फरक इतकाच कीं, त्यानें तें थोड्या पैशांत केलें.

मग मीं कागद घेऊन गणित केलें. हें आधींच करायला हवें होतें. ८५ मिलिमीटरचें भिंग, १.४ छिद्र, अंतर दीड मीटर: स्पष्टतेची खोली अवघी अडीच सेंटिमीटर. डोळ्यापासून कानाच्या पाळीपर्यंतचें अंतर नऊ-दहा सेंटिमीटर. म्हणजे भिंगाकडून चूक झालीच नव्हती; त्यानें सांगितलेलें काम चोख केलें होतें. डोळा आणि कुडी दोन्ही हव्या असतील तर छिद्र ५.६ पर्यंत लहान करावें लागेल. पण ५.६ वर तर माझें जुनें, कॅमेऱ्याबरोबर आलेलें भिंगहि चालतें! ज्या उघडेपणासाठीं तिप्पट दाम मोजायचे तो उघडेपणा आईचें चित्र काढतांना मिटवूनच ठेवायचा होता.

दुसरें गणित खोलीचें. आई जेथें खरोखर असते ती आमची मधली खोली दहा फूट बाय बारा फूट आहे. तींत पलंग, फडताळ आणि शिवणाचें यंत्र. ८५ मिलिमीटरच्या भिंगानें कमरेपर्यंतचें चित्र घ्यायचें तर सव्वादोन मीटर मागें सरावें लागतें. आई भिंतीपासून जरा पुढें बसली तर माझी पाठ समोरच्या भिंतीला लागते. ५० मिलिमीटरनें तेंच चित्र सव्वा मीटरावरून येतें. हा फरक केवळ सोयीचा नाहीं. सव्वा मीटर म्हणजे पाटावर बसून भाजी निवडणाऱ्या माणसाशीं आपण ज्या अंतरावरून बोलतों तें. याहून जवळ गेलें तर नाक मोठें दिसूं लागतें. तो दोष भिंगाचा नसून अंतराचा असतो, आणि मोबाइल तोंडाशीं धरून घेतलेल्या चित्रांत तो नेहमीं दिसतो. याहून दूर गेलें तर बोलण्यासाठीं आवाज चढवावा लागतो. भिंग निवडणें म्हणजे आपण समोरच्या माणसापासून किती दूर उभे राहणार, आणि त्याच्या मागचें किती ठेवणार व किती पुसणार, हें ठरविणें. बाकीचें सारें दुकानदार सांगतोच.

मग वेगवान भिंग नकोच कां? तसें मी म्हणणार नाहीं. आईचा उजवा हात अलीकडे थरथरतो. आजकालचे कॅमेरे आंतला संवेदक तरंगता ठेवून छायाचित्रकाराच्या हाताचा कंप शोषून घेतात; पण समोरच्या हाताचा कंप कोणतेंहि यंत्र शोषूं शकत नाहीं. तो थांबवायचा तर पडदाच लौकर मिटायला हवा, आणि त्यासाठीं उजेड हवा. तिन्हीसांजेला ती देवाजवळ निरांजन लावते तेव्हां खोलींत जेमतेम तेवढाच उजेड असतो. झगझगीत दिवा पेटविला तर चित्र मिळेल, पण सांज जाईल. अशा वेळीं १.८ चें छिद्र ही चैन नव्हे, गरज आहे. लहान मुलांच्या बाबतींतहि तेंच. मोठें छिद्र जवळ असावें. तें नेहमीं उघडलेंच पाहिजे असें नाहीं. घराचीं दारें मोठीं असावींत, म्हणून कोणी तीं रात्रंदिवस सताड उघडीं टाकीत नाहीं.

आणखी एक न्याय त्या मोठ्या भिंगालाहि दिला पाहिजे. ज्याला लग्नघरांत गर्दींतून नवरी वेगळी काढायची आहे, ज्याचा तोच व्यवसाय आहे, ज्याच्यापुढें मोकळें अंगण आणि मागें नको तें तारांचें जाळें आहे, त्याला तें उपयोगी पडतें, आणि त्याचे पैसेहि फिटतात. माझें भांडण भिंगाशीं नाहीं. आपल्याला माणूस हवा आहे कीं त्याच्याभोंवतीं पसरणारा धूर हवा आहे, हें न विचारतां मी दुकानापर्यंत गेलों होतों, एवढेंच.

मीं ५० मिलिमीटर, १.८ चें भिंग घेतलें. वजन १८६ ग्रॅम. वाटींत मावेल एवढें. स्नेह्याला मोठें भिंग परत केलें तेव्हां त्यानें माझ्याकडे, व्रत मध्येंच मोडलेल्या माणसाकडे पाहावें तसें पाहिलें.

श्रावणांत एका रविवारीं दुपारीं पाऊस नुकताच उघडला होता. खिडकींतून ढगांनीं गाळलेला मऊ उजेड येत होता. आई मधल्या खोलींत मेथी निवडीत बसली होती आणि शेजारच्या कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाची हकीकत मला सांगत होती. मीं म्हटलें, “आई, कुड्या घाल ना.” तिनें माझ्याकडे पाहिलें, कांहीं बोलली नाहीं. उठून कुड्या घालून आली आणि पुन्हां मेथी निवडूं लागली. सव्वा मीटरावर बसून, छिद्र ४ वर ठेवून मीं चार-पांच चित्रें घेतलीं. हकीकत थांबली नाहीं. त्या अंतरावर, त्या छिद्राला स्पष्टतेची खोली चौदा-पंधरा सेंटिमीटर असते. एका माणसाच्या चेहऱ्याला तेवढी पुरते.

चित्र छापून आणलें आणि तिच्या हातांत दिलें. तिनें ते उजेडाकडे धरलें. आधीं कान पाहिला. बोट फिरवून मोतीं मोजलीं. “सात आहेत,” असें म्हणाली. मग मेथीच्या जुडीकडे पाहिलें, फडताळांतल्या पितळी डब्यांकडे पाहिलें. ते किंचित् मऊ झाले होते, पण डबेच होते. त्यांच्या वरच्या अंगाला, भिंतीवर, वडिलांची चौकट आली होती. मीं ती मुद्दाम आंत घेतली नव्हती. त्या खोलींत बसलेल्या आईच्या मागें ती असतेच. बरीच मागें असल्यामुळें ती बऱ्यापैकीं अंधुक झाली होती. डोकें, खांदे, चेहऱ्याची ठेवण, एवढें ओळखूं येत होतें. बारीकसारीक पुसलें होतें.

“हे पण आलेत मागं,” आई म्हणाली. तिनें चित्र आणखी जवळ नेलें. “टाय दिसत नाही यात. बरं झालं.”

भिंगाच्या अंधुकपणावर मीं पुष्कळ ऐकलें व वाचलें आहे. इतकें नेमकें परीक्षण कोणी केलेलें मला माहीत नाहीं.

थोड्या वेळानें तिनें चित्र माझ्या हातीं परत दिलें आणि वडिलांच्या शेजारची रिकामी जागा नजरेनें दाखविली. “लाव तिथं,” ती म्हणाली, “आत्ताच लाव. मलाही बघू दे की. हार मात्र इतक्यात घालू नकोस.”